पाय टेकला पाहिजे

नगरच्या माळीवाड्यात आमचे सायकलचे दुकान होते. तिथे सीटची उंची ठरवायच्या दोन रीती चालत. एक अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गिऱ्हाइकाला सायकलीशेजारी उभे करत, सीट काखेत येईल असा हात सरळ खाली सोडायला लावत आणि मधले बोट क्रँकच्या एक्सलला लागते का ते पाहत. लागले की सीट बरोबर. दुसरी रीत गिऱ्हाइकाची. तो सरळ सीटवर बसे आणि पायाची बोटे जमिनीला लागतात का ते बघे. या दोन उंचींत तीन-चार बोटांचे अंतर पडायचे आणि चालायचे मात्र गिऱ्हाइकाचेच. ‘अण्णा, पाय टेकला पाहिजे,’ एवढेच तो म्हणे. अण्णा पाना फिरवून सीट खाली घेत.

मी फिजिओथेरपिस्ट झाले. आता नगरच्याच सावेडीत माझ्याकडे गुडघे आणि कंबर घेऊन जे लोक येतात, त्यांतले बरेच आपली सायकलही घेऊन येतात. कोणी रोडबाइक आणते, कोणी ट्रायथलॉनची. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की दोन्ही सायकलींवर पाय तोच, मग सीट वेगळी का? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर शोधत गेले की अण्णांच्या दुकानातल्या त्या गिऱ्हाइकापर्यंत येऊन पोचावे लागते. सीटची उंची पायाच्या लांबीवरून काढतात हे खरे. पण पायडल मारायचे थांबल्यावर त्या पायाला पुढे काय करायचे आहे, यावर ती ठरते. दूधवाल्याला दर दहा घरांनी थांबायचे असते. शर्यतवाल्याला थांबायचेच नसते. ट्रायथलॉनवाल्याला उतरून पळायचे असते.

सीट वरखाली करता येणे ही सोय सायकलीला जन्मापासून नव्हती. १८७०च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच बसवलेले असे. चाक जेवढे मोठे तेवढे एका फेऱ्यात अंतर जास्त, म्हणून प्रत्येकाला शक्य तेवढे मोठे चाक हवे असे. पण पाय पोचेल त्याहून मोठे चाक घेता येत नसे. म्हणजे तिथे पायाच्या मापाने चाक विकत घ्यावे लागे, कोणी ५० इंची, कोणी ५६ इंची. एकाची सायकल दुसऱ्याला चालवता येणे अवघड, आणि चालत्या सायकलीवरून पाय जमिनीला टेकवण्याचा तर प्रश्नच नव्हता. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, साखळी मागच्या चाकाला, स्वार दोन चाकांच्या मध्ये आणि जमिनीजवळ. १८८८ मध्ये डनलॉपची हवेची ट्यूब आली. या दोन गोष्टींचे कौतुक सगळीकडे होते. मला तिसरीचे वाटते. चाकाचा आणि पायाचा संबंध तुटला, आणि सीट एका दांड्यावर बसून वरखाली होऊ लागली. एकाच मापाची सायकल आता उंच-बुटक्या सगळ्यांना विकता येणार होती, आणि एकाच घरात ती सगळ्यांना वापरता येणार होती.

आमच्या जिल्ह्यात सायकल रुजली ती याच दुसऱ्या गुणावर. रॅले, हर्क्युलिस, बीएसए ही विलायती नावे आधी आली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस आणि लुधियानाला १९५६ मध्ये हिरो सुरू झाली, आणि काळी सायकल तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली. याच वर्षांत प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना चालू झाला होता. पाटाचे पाणी, ऊस, दूध आणि हायस्कूल यांच्यामागोमाग राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव भागातल्या वस्त्यांवर सायकल आली. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या जिराईत पट्ट्यात ती उशिरा आणि कमी आली. जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. गावापासून शाळा लांब, शाळेपासून बाजार लांब. घरात एक सायकल असली की ती सकाळी दुधाला, मग शाळेला, दुपारी गिरणीला आणि संध्याकाळी पाहुण्याला स्टँडवर सोडायला जायची.

अशा सायकलीची सीट कोणाच्या पायाची असणार? घरात जो सगळ्यांत बुटका तिच्यावर बसणार, त्याच्या. पाना प्रत्येकाकडे नसे, आणि सीटचा नट रोज ढिला केला तर त्याचे आटे जातात हे घरोघरी माहीत होते. एकदा सीट खाली बसली की ती गंजून नळीत घट्ट होई आणि आयुष्यभर तिथेच राही. ओव्हरऑइलिंगला आलेल्या सायकलींचे छर्रे निघायचे, एक्सल निघायचे, पण सीटचा दांडा निघायचा नाही. अण्णा आदल्या रात्री त्यावर रॉकेल सोडून ठेवत.

सायकल स्वतःही खालच्या सीटसाठीच घडवलेली होती. २२ इंची आणि २४ इंची, अशा दोन फ्रेमी मिळायच्या. चाक २८ इंची. सीटची नळी बरीच मागे झुकलेली, रोडबाइकच्या मानाने पाच-सहा अंशांनी तरी जास्त. त्यामुळे माणूस मागच्या चाकाच्या जवळ, पाठ ताठ ठेवून बसतो, त्याचे वजन सीटच्या स्प्रिंगांवर येते आणि पाय पुढे जातात. धोतर नेसून, मागे दोन किटल्या लावून, खड्ड्यांतून जायला ही बैठक उत्तम आहे. दुधाच्या भरलेल्या किटल्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना असताना सायकल थांबली आणि पाय टेकला नाही, तर दूध रस्त्यावर. तिथे गुडघ्याचा कोन महत्त्वाचा नसतो, दूध महत्त्वाचे असते. अण्णांना हे कळत होते, म्हणून ते गिऱ्हाइकाशी कधी वाद घालत नसत.

किंमत मात्र गुडघ्याने मोजली. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि तसा दुमडलेला असतानाच जोर लावावा लागतो. वाटीचे हाड मांडीच्या हाडावर दाबले जाते. वर्षानुवर्षे सायकलवर शाळा केलेले गुरुजी, पोस्टमन, दूधवाले माझ्याकडे आले की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला हात ठेवून दुखणे सांगतात. वय, वजन, शेतातले काम, सगळ्यांचा त्यात वाटा असतो, एकट्या सीटवर मी ते ढकलणार नाही. पण सायकल कशी चालवायचात ते दाखवा म्हटले की सगळे सारखेच दाखवतात, गुडघे बाहेर फाकलेले, टाचेने दाबलेले पायडल. खाली बसलेल्या सीटवर गुडघ्याला जागा करून देण्याची ती शरीराने शोधलेली युक्ती होती.

मुले वेगळीच युक्ती करत. सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून ती सीटवर बसतच नसत. दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर, डावा हात हँडलवर, उजव्या हाताने सीटला किंवा दांडीला मिठी, आणि तिरप्या सायकलीवर अर्धेच पायडल मारत निघायचे. हाफ पायडल. मग दांडीवरून, मग कधीतरी सीटवर. आमच्या दुकानात तासाने सायकली मिळत, त्यांत लहान चाकाच्या दोन-तीनच असत आणि त्यांच्यासाठी सुट्टीत रांग लागे. रांगेत मुली थोड्या. मी दुकानदाराची मुलगी म्हणून मला सायकल मिळाली, नाहीतर माझ्या वर्गातल्या बहुतेक जणी पहिल्यांदा सायकलवर बसल्या त्या थेट आठवीत, दांडी नसलेल्या लेडीज सायकलवर, सीट पार खाली आणि मागून धरणारा भाऊ.

पायाच्या मापाने सीट ठरवण्याची गरज पहिल्यांदा शर्यतवाल्यांना पडली. महाराष्ट्रात त्यांचे मोठे मैदान म्हणजे मुंबई–पुणे सायकल शर्यत. बोरघाट चढून जो पहिला वर येई त्याला घाटांचा राजा म्हणत, आणि त्या किताबाची बातमी आमच्या दुकानात मोठ्याने वाचली जाई. घाटात सीटचा एक सेंटिमीटर काय करतो ते शर्यतवाला सांगू शकतो. सीट खाली असली की मांड्या पेटतात. वर असली की प्रत्येक फेऱ्याला ढुंगण डावीउजवीकडे घसरते आणि गुडघ्याच्या मागची शीर ओढते.

हा एक सेंटिमीटर किती छळू शकतो, याचे जगातले सगळ्यांत मोठे उदाहरण बेल्जियन शर्यतवाला एडी मर्क्स. ९ सप्टेंबर १९६९ रोजी फ्रान्समधल्या ब्ल्वा गावच्या सायकल ट्रॅकवर त्याचा अपघात झाला. त्याच्या पुढे मोटरसायकल चालवणारा फर्नांड वॉम्ब्स्ट जागीच गेला, आणि मर्क्सचे कटिहाड सरकले. त्यानंतर तो पुन्हा कधी वेदनेशिवाय सायकलवर बसला नाही, असे तो स्वतः सांगत आला. शर्यत चालू असताना पाना काढून सीट वरखाली करणारा मर्क्स फोटोंत दिसतो. याच माणसाने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले. कटिहाड जराही तिरके झाले तर दोन्ही पायांना एकच सीट कधीच बरोबर बसत नाही, एका पायाला ती उंच वाटते आणि दुसऱ्याला खाली. माझ्याकडे येणाऱ्या माणसाची मी आधी कंबर तपासते, सायकलीला हात नंतर लावते, ते याचसाठी.

मर्क्स अंदाजाने करत होता ते मोजायचा प्रयत्न तोवर सुरू झाला होता. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीच्या सीटवर बसवून पाहिले आणि आकडा काढला तो १०९ टक्क्यांचा. अनवाणी उभे राहायचे, जांघेपासून जमिनीपर्यंत पायाचे आतले माप घ्यायचे, त्याच्या १०९ टक्के अंतर खाली गेलेल्या पायडलच्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचे. पुढे फ्रान्समध्ये रेनो संघाचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांनी दुसरा आकडा वापरला आणि त्यांच्या संघातून गेलेल्या अमेरिकन ग्रेग लेमाँडने तो १९८७ मधल्या आपल्या पुस्तकातून जगभर नेला. आतल्या मापाला ०.८८३ने गुणायचे आणि ते अंतर क्रँकच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत धरायचे.

दोन्ही आकडे करून पाहा. आतले माप ८० सेंटिमीटर असेल तर लेमाँडच्या हिशेबाने सीट ७०.६ सेंटिमीटरवर येते. हॅम्ली-थॉमसच्या हिशेबाने पायडलपासून ८७.२, त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की ७०.२. दोन देशांत, दोन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसे चार मिलिमीटरच्या फरकाने एकाच ठिकाणी येऊन उभी राहिली. अण्णांचा काखेचा हिशेब मी दुकानातल्या टेपने कितीतरी जणांवर पडताळला आहे, तोही साधारण याच पट्ट्यात येतो. हात फार लांब किंवा आखूड असेल तिथे तो चुकतो, हे त्याचे वैगुण्य. १९९४ मध्ये होम्स, प्रूइट आणि व्हेलन यांनी सूत्र बाजूला ठेवून थेट गुडघाच मोजायला सांगितला. पायडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश दुमडलेला असावा. मी हीच पद्धत वापरते, कारण बूट, पायाच्या पंजाची लांबी, टाच खाली ठेवण्याची किंवा वर उचलण्याची सवय हे सगळे त्या एका कोनात उतरते.

इथपर्यंतची सगळी गणिते सायकलवरून उतरल्यावर बसून पाणी पिणाऱ्या माणसासाठी होती.

ट्रायथलॉनचे तसे नाही. आधी पोहायचे, मग सायकल, मग पळायचे, मध्ये विश्रांती नाही. या नावाने पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. हवाई बेटांवर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. ही माणसे साध्या रोडबाइकच चालवत होती. त्यांच्यासाठी वेगळी सीट असावी हे कोणाच्या मनात यायला दहा वर्षे गेली.

ते मनात आले हँडलमुळे. १९८७ मध्ये बून लेनन या स्कीइंगच्या प्रशिक्षकाने कोपरे टेकवून हात पुढे लांब करता येतील असे हँडल बनवले. उतारावर स्कीवाला अंग कसे आवळून घेतो, तेच त्याने सायकलवर आणले. ट्रायथलॉनवाल्यांनी ते ताबडतोब उचलले. जुन्या घराण्यातले शर्यतवाले नाक मुरडत राहिले. २३ जुलै १९८९ रोजी टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची एकट्याची शर्यत होती. लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. तो हे हँडल लावून उतरला, त्याच्यापुढचा लोराँ फिन्याँ जुन्याच हँडलवर. लेमाँडने टूर ८ सेकंदांनी जिंकली.

आता शरीराकडे पाहा. पाठ वाऱ्याच्या रेषेत आडवी झाली की छाती मांडीकडे येते. सीट मागेच ठेवली, तर पायडल वर येताना मांडी पोटात घुसते, कमरेचा सांधा चेपला जातो आणि श्वासही पुरत नाही. यावर उपाय एकच, माणूस आहे तसा उचलून एक्सलभोवती पुढे फिरवायचा. डॅन एम्पफील्ड या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९८९च्या सुमारास क्विंताना रू या नावाने तशी सायकलच बांधली. रोडबाइकची सीटनळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास असते, त्याने ती ७८च्या पुढे, जवळजवळ उभी केली.

सावेडीत येणारा प्रत्येक जण इथेच अडखळतो, म्हणून आकडे सांगते. ७० सेंटिमीटरची सीट ७३ अंशांवर असेल तर ती एक्सलच्या साडेवीस सेंटिमीटर मागे आणि सुमारे ६७ सेंटिमीटर वर असते. तीच ७० सेंटिमीटरची सीट ७८ अंशांवर नेली की मागचे अंतर साडेचौदावर येते आणि उंची साडेअडुसष्ट होते. म्हणजे एक्सलपासूनचे अंतर तेच, पण सीट सहा सेंटिमीटर पुढे आणि दीड सेंटिमीटर वर गेली. लांबून पाहणाऱ्याला ट्रायथलॉनची सीट उंच दिसते ती यामुळे. पाय जास्त लांबवलेला नसतो, सगळे शरीर पुढे लवंडलेले असते. रोडबाइकची सीट नुसतीच तीन सेंटिमीटर पुढे सरकवली आणि वर घेतली नाही, तर पायाचे सुमारे आठ मिलिमीटर कमी होतात. घरी स्वतः सीट पुढे करून, गुडघ्याच्या पुढच्या दुखण्याने माझ्याकडे येणाऱ्यांचे हे ठरलेले कारण.

यात बारीक फरक आणखी आहेत. पुढे झुकलेला माणूस सीटच्या रुंद भागावर बसत नाही, नाकावर बसतो. तिथे हाडाऐवजी मऊ भाग दबतो. बायकांना याचा त्रास फार होतो आणि त्या तो सांगत नाहीत. पुष्कळ जणी सीट खाली करून किंवा नाक खाली वाकवून वेळ मारून नेतात आणि मग घसरून सगळा भार हातांवर घेतात. नाक आखूड असलेली किंवा पुढे दोन फाटे असलेली सीट बसवली की तोच त्रास उंचीला हात न लावता कमी होतो. क्रँकही आखूड घेतात, १७२.५ मिलिमीटरऐवजी १६५. मग पायडल वर येताना गुडघा कमी वर येतो, आणि खालच्या बाजूला कमी झालेले साडेसात मिलिमीटर सीट वर घेऊन भरून काढावे लागतात.

हे सगळे पळण्यासाठी. २००० साली गारसाइड आणि डोरान यांनी ट्रायथलॉनपटूंना ७३ आणि ८१ अंशांच्या सीटनळीवर सायकल चालवायला लावून लगेच दहा किलोमीटर पळवले. उभ्या नळीवरून उतरलेले पळण्याच्या पहिल्या अर्ध्यात जास्त जलद गेले. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, ही तक्रार प्रत्येक नवा ट्रायथलॉनवाला करतो. त्या लाकडी अवस्थेचा काळ कमी करणे, हे त्या सहा सेंटिमीटरांचे काम आहे.

पण नियम बदलला की सीटही बदलते. जागतिक सायकल संघटनेने रोडबाइकच्या शर्यतींत सीटचे नाक कुठवर पुढे न्यावे याचा नियम केला आहे, त्यामुळे टूरमधल्या एकट्याच्या शर्यतीतही तिला फार पुढे नेता येत नाही. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीपासून ट्रायथलॉन आहे, तिथे दुसऱ्याच्या मागे लागून सायकल चालवायला मुभा आहे, म्हणून तिथले खेळाडू रोडबाइकच आणतात. आयर्नमॅनमध्ये तशी मुभा नाही. प्रत्येकाला आपला वारा आपणच कापायचा असतो. हे माझ्याकडच्यांना माहीत नसते आणि ते ऑलिंपिकचे चित्रीकरण पाहून आपली सीट लावतात.

महाराष्ट्रात या खेळाची हवा गेल्या दहा-बारा वर्षांतली. २०१५च्या उन्हाळ्यात नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. त्याच वर्षी मिलिंद सोमण यांनी झ्युरिकला आयर्नमॅन केली. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी तर कितीतरी आयर्नमॅन केल्या आणि मराठी मुलखातली पुष्कळ माणसे तयार केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्याला निम्म्या अंतराची आयर्नमॅन आली आणि परदेशी जाण्याचा खर्च वाचला. आमच्याकडचे डॉक्टर, व्यापारी, लष्करातली माणसे, आता काही मुलीही, गोवा आणि कोल्हापूरच्या शर्यती डोळ्यांपुढे ठेवून पहाटे निघतात.

ते निघतात तो मुलूख वाऱ्याचा आहे. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर आणि खांडक्याला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की पुणे रोडने सुप्याकडे जाणाऱ्याला सपाटीवरही घाट चढल्यासारखे वाटते. म्हणून कोपरे टेकवायचे हँडल इथे प्रत्येकाला हवे असते. खास ट्रायथलॉनच्या सायकलीची किंमत काही लाखांत जाते, तेव्हा बहुतेक जण रोडबाइकवरच ते हँडल बसवतात आणि सीट होती तिथेच ठेवतात. तिथे माझे काम सुरू होते. मागे वाकलेला सीटचा दांडा काढून सरळ दांडा घालायचा, सीट रुळावर पुढे घ्यायची, गेलेले मिलिमीटर वर चढवायचे, हँडल जवळ आणायचे, आणि मग माणसाला ट्रेनरवर अर्धा तास चालवून पळायला पाठवायचे. परत आल्यावर तो काय सांगतो, ते माझ्या कोनमापकापेक्षा मी जास्त धरते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. मनमाड रोडला, राहुरी-कोल्हारकडे, कारखाने चालू असताना उसाच्या ट्रॉल्या असतात, गतिरोधक रंग न मारलेले असतात, आणि कोपरे टेकवलेल्या माणसाचा हात ब्रेकवर नसतो. तिथे अंग पुढे लवंडलेले असताना थांबायची वेळ आली, तर सीटवरून पुढे उतरून उभे राहता आले पाहिजे. भिंगारच्या कँपातल्या गुळगुळीत रस्त्यावर जे चालते ते करंजीच्या किंवा इमामपूरच्या घाटात उतारावर चालत नाही. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी ७८ अंशांवर नेत नाही. दीड-दोन सेंटिमीटर पुढे, तेवढ्या हिशेबाने वर, आणि रहदारीत हात ब्रेकवर. पाय आधी जमिनीशी बोलायला शिकला की मगच त्याला वाऱ्याशी बोलायला पाठवावे, असे माझे मत आहे.

हाच हिशेब मला शाळेतल्या मुलींच्या सायकलींना लावायचा आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास अहिल्यादेवींच्याच नावाचा आहे. पण एसटी जिथे जात नाही तिथे मुली सायकलने जातात, आणि सरकारी योजनांतून त्यांना सायकली मिळतातही. त्या येतात तेव्हा सीट तळाला बसवलेली असते आणि दहावी होईपर्यंत तिथेच राहते. शाळांत आरोग्य तपासणीला गेले की मी सायकली लावतात तिथे चक्कर मारते. वीतभर वाढलेल्या मुली आठवीतल्याच उंचीवर गुडघे फाकून, पुस्तकांच्या ओझ्याने, पाच-पाच किलोमीटर येतात.

यावर उपायाला पैसा फारसा लागत नाही. शिकत असताना दोन्ही पायांची बोटे टेकतील एवढीच सीट ठेवावी. ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचे आणि एक पाय जमिनीवर ठेवून थांबायचे, हे तिला आठवडाभर शिकवावे. लेडीज सायकलीला दांडी नसल्याने ते सोपे जाते. ते जमले की सीट दोन-दोन सेंटिमीटरने वर घ्यावी, टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईपर्यंत, आणि सीटच्या दांड्यावर जिथे शेवटची खूण असते तिच्या वर कधीच नाही. दांड्याला वर्षातून एकदा ग्रीस लावावे म्हणजे तो गंजून अडकणार नाही. नटाच्या मापाचा एक पाना शाळेतच, क्रीडाशिक्षकांच्या कपाटात असावा. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सगळ्या सायकली रांगेत लावून सीट तपासाव्यात, कारण या वयात सहा महिन्यांतही पाय वाढतो.